हळद आठ दिवसांवर

एप्रिल उजाडला की शहापूर-मुरबाडच्या गावांत दोन ठिकाणी गर्दी होते. एक टँकरपाशी. भातसा आणि तानसा उशाशी आहेत, पण त्यांचं पाणी मुंबईला जातं. दुसरी मेडिकलच्या काउंटरपाशी, ‘तोंडावरचं काहीतरी’ मागायला. टँकर येईल याचा भरवसा नाही. ट्यूब मात्र मागताक्षणी हातात.

लग्नसराई आहे. हळद आठ दिवसांवर आली. मंडप ठरला, डीजे ठरला, करवल्यांचे एकसारखे ब्लाउज शिवून आले, आणि नेमके आता हनुवटीवर चार पिंपल्स उगवले. त्यात यंदा ड्रोनवालाही सांगितलाय. ड्रोनमधून पिंपल्स दिसत नाहीत, मंडपाची ताडपत्री दिसते, हे पोरीला सांगणारं घरात कोणी नाही. मग काउंटरवर संवाद घडतो तो असा:

“दादा, पिंपल्सवर काय आहे?”

“चिठ्ठी आहे का डॉक्टरची?”

“चिठ्ठी कशाला? वहिनीनं लावलेली तीच द्या. हा बघा फोटो.”

मोबाइलवर फोटो असतो पिळून पिळून चपट्या झालेल्या ट्यूबचा. नाव अर्धं दुमडीत गेलेलं. वहिनीला ती कशासाठी दिली होती, ते वहिनीलाही आठवत नाही. नायट्यासाठी असेल, जावेच्या हातावरच्या खाजेसाठी असेल. वहिनीचं तोंड मात्र आठ दिवसांत उजळलं होतं, एवढं सगळ्या आळीला पाठ.

सगळेच मेडिकलवाले सारखे नसतात, हेही लिहून ठेवतो. काही जण चिठ्ठीशिवाय ट्यूबला हात लावत नाहीत. गिऱ्हाईक त्यांना दोन शब्द सुनावतं आणि पलीकडच्या दुकानात जातं.

तर बाजारात ट्यूबा दोन जातींच्या. एक लवकरची, एक सावकाशची. लवकरच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं एखादं नाव बारीक अक्षरात खोक्यावर छापलेलं असतं. कधी एकटं, कधी गोरं करणाऱ्या औषधाबरोबर, कधी बुरशीच्या औषधाच्या आडोशाला. ही औषधं वाईट नाहीत. ज्या त्वचारोगात लागतात तिथे डॉक्टर मोजून देतात आणि वेळेवर थांबवतात. चेहऱ्यावरच्या पिंपल्सवर आपल्या मनानं चोपडली की ती काय करतात? चार दिवसांत लाली उतरवतात, चेहरा गोरा दिसायला लागतो, आत्या म्हणते, “बघ गो, मी सांगितलं नव्हतं?” आत्याचं नाव होतं. मग आठवडे जातात. कातडी पातळ होते, गालावर लाल शिरांचं जाळं दिसायला लागतं, उन्हात गेलं की आग होते, पोरीच्या गालावर लव वाढते, आणि पिंपल्स परत येतात ते सगळं गोत घेऊन. ट्यूब थांबवली की चेहरा पेटतो, म्हणून ती पुन्हा लावायची. ट्यूब संपते, सवय संपत नाही.

आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांना या प्रकाराला वेगळं नाव द्यावं लागलं, स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा. २०११ साली त्यांच्याच नियतकालिकात एक पाहणी छापून आली. देशभरातल्या १२ केंद्रांत चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले, त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. शंभरात जवळजवळ पंधरा. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना ते सुचवणारा माणूस डॉक्टर नव्हता. कोण होता? मैत्रीण, शेजारीण, पार्लर, काउंटर. म्हणजे आपली आत्या काही एकटी नाही, तिची शाखा देशभर आहे.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची पळवाट बंद केली. दिल्लीहून निघालेला नियम आसनगाव-आटगावपर्यंत पोचायला कसारा लोकलपेक्षाही जास्त वेळ घेतो, हा दोष नियमाचा की लोकलचा, ते वाचकांनी ठरवावं.

आता सावकाशची ट्यूब. डॉक्टर पिंपल्ससाठी जे जेल लिहून देतात त्यात बहुतेकदा ॲडापालीन, ट्रेटिनॉइन, बेंझॉइल पेरॉक्साइड, क्लिंडामायसिन यांतलं एक किंवा दोन असतात. ही ट्यूब प्रामाणिक आहे, आणि प्रामाणिक माणसाचं गावात जे होतं तेच तिचं होतं. पहिल्या आठवड्यात ती चेहरा गोरा करत नाही, उलट सोलवटून काढते. तोंड कोरडं पडतं, चुरचुरतं, काहींना पिंपल्स आधीपेक्षा जास्त दिसतात. पाचव्या दिवशी निकाल लागतो: “हे मला सूट होत नाही.” ट्यूब खिडकीत जाते, चप्पल पायात जाते आणि पाय मेडिकलकडे जातात.

ही ट्यूब असं का वागते ते कळलं तर थोडा धीर धरवेल. पिंपल आज दिसला म्हणून आज झालेला नसतो. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचं बूच बसतं, मागे तेल तुंबतं, तिथे नेहमीचेच जंतू माजतात, मग सूज येते. बूच बसण्यापासून लाल गाठ दिसेपर्यंत आठवडे जातात. ॲडापालीन-ट्रेटिनॉइनचं मुख्य काम हे बूचच बसू न देण्याचं. म्हणजे आज लावलेलं जेल पुढच्या महिन्यात दिसणाऱ्या पिंपल्सवर काम करतं. हळद आठ दिवसांवर असताना त्याला काय मुहूर्त सांगणार? फरक दिसायला आठ ते बारा आठवडे धरावेत. मुरबाडकर कल्याणहून येणाऱ्या रेल्वेची वाट किती वर्षं बघतायत! त्याच मुरबाडकराला जेलसाठी बारा आठवडे फार वाटतात.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. जेल पिंपलच्या टोकावर ठिपका देऊन लावायचं नसतं. दिसणाऱ्या पिंपलपेक्षा न दिसणारे जास्त असतात, म्हणून डॉक्टर वेगळं सांगत नाहीत तोवर पिंपल्स येतात तो सगळा भाग सारवायचा. सारवायचा म्हटलं की आपल्या माणसांचा हात सैल सुटतो. पूर्ण चेहऱ्याला किती लागतं? आपल्या शिवारात भात निघाल्यावर वाल पेरतात ना, त्या वालाचा एक दाणा. एवढंच बोटावर घ्यायचं, कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी यांवर टिकल्या द्यायच्या आणि पातळ पसरायचं. दुप्पट लावल्यानं दुप्पट लवकर बरं होत नाही, दुप्पट सोलतं. औषधाला खताचा हिशोब लावू नये. तसं खतालाही तो लागत नाही, पण ते पुन्हा कधीतरी.

ही ट्यूब लावायची रात्री. चेहरा सौम्य साबणानं धुवायचा, टिपायचा, आणि पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. ओल्या कातडीवर ट्रेटिनॉइन जास्त झोंबतं, म्हणून वीस-पंचवीस मिनिटं थांबलेलं बरं. तेवढ्यात मालिकेचा एक भाग होतो. सुरुवातीला एक रात्र आड. कातडी रुळली की रोज. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांचे कोपरे सोडायचे; तिथली कातडी नाजूक, आणि ओठांचा कोपरा चिरला की भाकरीबरोबरचा ठेचा दोन दिवस बंद. वरून साधं, तेलकट नसलेलं मॉइश्चरायझर लावलं तर कोरडेपणा बराच सोसवतो. हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो: “आधीच तोंड तेलकट, त्यावर आणखी क्रीम?” हो. तेल तुंबणं आणि कातडी कोरडी पडणं एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी चालू असतं.

तोंड दिवसातून दोनदा धुतलं की झालं. घासून घासून आठ वेळा धुतल्यानं पिंपल्स जात नाहीत, कातडी चिडते. संपूर्ण उपचारात टँकरच्या गावाला परवडेल अशी ही एकच सूचना.

बेंझॉइल पेरॉक्साइडची एक खोड आहे, ते कपड्याचा रंग उडवतं. उशीचा अभ्रा, टॉवेल, ओढणी, जे लागेल त्यावर पांढुरके डाग. रात्री जेल लावून सकाळी नव्या ब्लाउजचा गळा डोक्यातून ओढणाऱ्या करवलीनं हे लक्षात ठेवावं. पांढरा टॉवेल वापरावा आणि हात धुवावेत. ही ट्यूब उष्णतेतही टिकत नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या फळीवर ठेवलेलं जेल काय तापत असेल? खोक्यावर किती अंशांखाली ठेवा ते लिहिलेलं असतं. घरातला सर्वांत गार कोपरा बघावा. हे जेल लावल्यावर क्वचित एखाद्याच्या पापण्या, ओठ, तोंड सुजतं, श्वास लागतो. ते सोलवटणं नव्हे, ॲलर्जी आहे. तेव्हा जेल धुऊन टाकून थेट दवाखाना गाठायचा.

क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक. ते एकटंच महिनोन्‌महिने लावत बसलं की जंतू त्याला सरावतात, म्हणून डॉक्टर सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड देतात. घरात दोन ट्यूबा आल्या की एक झोंबते म्हणून सोडायची आणि दुसरी थंड लागते म्हणून लावत राहायची, हा आपला मधला मार्ग. थंड लागणारी ती बहुतेकदा क्लिंडामायसिनची.

दिवसाचं ऊन हा वेगळा तंटा. या जेलांमुळे कातडी उन्हाला हळवी होते. शहरातल्या मासिकात ‘बाहेर पडण्यापूर्वी सनस्क्रीन लावा, दर दोन तासांनी पुन्हा लावा’ असं छापून येतं. आवणीला वाकलेल्या बाईनं चिखलाच्या हातानं दर दोन तासांनी सनस्क्रीन कसं लावायचं, त्याचं चित्र त्या मासिकात नसतं. सनस्क्रीन परवडत असेल, जमत असेल तर जरूर लावावं, सकाळी निघताना एकदा तरी. नसेल तर सुती ओढणी कपाळापासून हनुवटीपर्यंत, रुंद काठाची टोपी, छत्री. ही काही गरिबांची तडजोड नाही, कापड ऊन चांगलं अडवतं. पिंपल गेल्यावर मागे जो काळा डाग राहतो तोही उन्हानं गडद होतो. तो डाग म्हणजे पिंपल नव्हे, जायला महिने लागतात. त्या डागासाठी गोरं करणारी क्रीम आणायला गेलेली माणसं कुठल्या जातीची ट्यूब घेऊन परततात, ते वर लिहिलंच आहे.

आता पार्लर. हळदीच्या आधी वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच, फेशियल असं पॅकेज असतं. रात्री ॲडापालीन किंवा ट्रेटिनॉइन लावणाऱ्या चेहऱ्यावर वॅक्सची पट्टी ओढली की केसाबरोबर कातडीचा पापुद्राही येतो, आणि मग नवरीच्या वरच्या ओठावर लाल मिशी उमटते. अशा वेळी जेल किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टरांना विचारायचं, आणि पार्लरवालीला सांगायचं की मी असं औषध लावते. ती विचारणार नाही. पॅकेजमध्ये विचारणं धरलेलं नसतं. स्क्रब, लिंबू, टूथपेस्ट, चुना हे घरगुती मानकरीही या काळात मांडवाबाहेरच ठेवावेत. लिंबू चोळून उन्हात गेलं की कातडी भाजून काळी पडते, एवढं तरी ध्यानात असू द्या.

घरातल्या मोठ्यांचं निदान याहून सोपं असतं: सुकट उष्ण पडली, पोट साफ नाही, आणि “लगीन झालं की जातील.” म्हणजे पिंपल्सही स्थळाच्याच प्रतीक्षेत. सुकटीवर खटला चालवण्याइतका पुरावा नाही; त्यापेक्षा साखर, मैदा आणि बाटलीतलं गोड पाणी यांच्यावर संशय घ्यायला जास्त जागा आहे. आणि पिंपल्स लग्नानंतरही राहतात, तिशीतही येतात. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस आणि जोडीला पिंपल्स असतील तर ते नुसत्या ट्यूबचं काम नाही. मोठ्या दुखऱ्या गाठी येऊन खड्डे पडत असतील तर तेही नाही.

लग्नावरून आठवलं. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ॲडापालीन, ट्रेटिनॉइनची जेलं गरोदरपणात लावत नाहीत. गंभीर पिंपल्ससाठी ज्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात, त्यांनी तर पोटातल्या बाळात गंभीर व्यंगं येतात. त्या चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर दिवस राहता कामा नयेत. आपल्याकडे क्रम असा असतो: मार्चमध्ये ट्यूब, मे महिन्यात लग्न, आणि आवणी संपते न संपते तोच सासू विचारायला लागते. उशाशी ठेवलेल्या ट्यूबकडे तेव्हा कोणाचं लक्ष नसतं. लग्न ठरलंय हे डॉक्टरला सांगायला लाजणाऱ्या मुली आहेत, आणि ते न विचारणारे डॉक्टरही आहेत.

या औषधांचा मूळपुरुष ट्रेटिनॉइन. तो पिंपल्सवर चालतो हे दाखवणारा अमेरिकन डॉक्टर अल्बर्ट क्लिगमन. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात त्यानं कैद्यांच्या कातडीवर नाना रसायनं लावून बघितली. कैदी बहुतेक काळे, गरीब, चार पैशांसाठी तयार झालेले. फिलाडेल्फिया शहरानं त्याबद्दल माफी मागितली ती २०२२ मध्ये. त्या कैद्यांना निदान चार पैसे तरी मिळाले होते. आपण ट्यूब विकत आणून, स्वतःच्या तोंडावर, फुकटात प्रयोग करून घेतो आणि माफी कोणाकडे मागायची ते ठाऊक नसतं.

त्याच अमेरिकेत ०.१ टक्के ॲडापालीन २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, असं आता कोणीतरी मोबाइलवर शोधून मला कळवेलच. मिळतं. पण तिथे खोक्यावरच्या सूचना गिऱ्हाइकाच्या भाषेत असतात. आपल्या ट्यूबबरोबर घडी घातलेला कागद येतो, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत. मुरबाड तालुक्यातलं धसई डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. पैसे कसे द्यायचे हे शिकवायला तेव्हा मंत्री आले होते. त्या पैशांतून घेतलेली ट्यूब कशी लावायची हे मराठीत सांगणारा कागद काही आला नाही.

डॉक्टरकडे जा असं लिहिणं मला सोपं आहे. त्वचेचा डॉक्टर म्हटलं की इथल्या माणसाच्या तोंडी कल्याण नाहीतर ठाणे येतं. टोकावड्याहून, डोळखांबहून कल्याण म्हणजे जीप, एसटी, दिवसाची मजुरी बुडाली, आणि आत डॉक्टर बघणार दोन मिनिटं. सरकारच्या ई-संजीवनीवर मोबाइलमध्ये डॉक्टर दिसतो, माळशेजच्या पायथ्याशी रेंज दिसली तर. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. निदान पहिला प्रश्न तिथे विचारता येतो. जाऊन फार काही मोठं विचारायचं नाही. कुठलं जेल, किती, किती दिवस, सोललं तर काय करू, पुन्हा कधी येऊ. उत्तर मराठीत लिहून मागा. लिहून द्यायला डॉक्टर कंटाळला तर तिथेच मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करू का, असं विचारा. पेन लगेच सापडतं.

आणि जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घाला. चपट्या, बिनझाकणाच्या, वहिनीच्या, आत्याच्या, मुदत उलटलेल्या, पार्लरमधून बिननावाच्या डबीत मिळालेलं ‘नाइट क्रीम’सुद्धा. काय लावत होता हे तोंडानं सांगायची लाज वाटत असेल, तर पिशवी टेबलावर उलटी करा. स्टेरॉइडची ट्यूब निघाली तर ती एकदम बंद करायची की कशी, ते डॉक्टरच ठरवतील. तोवर वहिनीला फोन करून तो फोटो डिलीट करायला सांगा. पुढची हळद तिच्या माहेरी आहे.